उन्हाळ्यात वापरता येईल असा सुती जाळीचा स्कार्फ : पहिल्यांदाच जाळी विणणाऱ्यांसाठी

सुलट_उलट

नमस्कार मंडळी.

मफलरबद्दलच्या माझ्या आधीच्या धाग्यावर (म्हणजे इथल्या चर्चेत) बऱ्याच जणींनी विचारलं होतं, साधा मफलर झाला, आता जाळीचं काही जमेल का, की अजून वर्षभर हात बसायला हवा? मला वाटतं, सुलट आणि उलट टाका येतो, टाके घालता येतात आणि बंद करता येतात, एवढं असेल तर आजच सुया हातात घ्या. जाळीत नवीन शिकण्यासारखं फार थोडं आहे. घोडं अडतं ते मोजणीत. म्हणून मोजणी कशी सांभाळायची तेच इथे सविस्तर लिहितेय.

आधी सुताबद्दल. आपल्याकडे सोलापुरात लोकरीचा स्कार्फ संक्रांतीच्या सुमाराला गड्ड्याच्या जत्रेत रात्री फिरताना अंगावर येतो आणि संक्रांत सरली की कपाटात जातो. सुती स्कार्फ मार्चपासून रोज लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर, गाडीवर निघायचं म्हणजे डोकं-तोंड बांधणं आलंच. घट्ट विणीच्या कापडात घाम कोंडतो, जाळीतून वारा खेळता राहतो. भर दुपारी मात्र जाळी दुहेरी घडी करून बांधा, एकेरीतून ऊन आत येतंच.

साहित्य : चार प्लाय जाडीचं (ही जाडी गुंडीवर लिहिलेली असते) सुती सूत १०० ते १५० ग्रॅम. रंग फिका आणि एकच. गडद रंगात टाके दिसत नाहीत आणि रंगीबेरंगी सुतात जाळी हरवून जाते. सुया ४ किंवा ४.५ मिलिमीटरच्या, म्हणजे आपल्या दुकानात मागताना ८ किंवा ७ नंबर. इथे एक काळजी घ्या. आपल्याकडे चालतो तो जुना इंग्लंडचा नंबर, त्यात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. अमेरिकेत उलटं, तिकडची ८ नंबरची सुई ५ मिलिमीटरची असते. व्हिडिओत बाई ‘आठ नंबर’ म्हणाली म्हणून आठ नंबर आणली, तर वीण घट्ट होऊन बसेल. मिलिमीटर बघूनच घ्या. शिवाय बोथट टोकाची मोठी सुई, वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा, आणि खुणेसाठी दोन-तीन छोट्या रिंगा. रिंगा नसतील तर दोऱ्याचे फास चालतात.

आता जाळी होते कशी ते बघा. दोन सुलट टाक्यांच्या मध्ये सूत पुढे घ्यायचं आणि ते तसंच पुढे ठेवून पुढचा टाका सुलट विणायचा. सूत आपोआप उजव्या सुईवरून जातं आणि तिथे एक जादा टाका तयार होतो. त्याच्या खाली काही विणलेलं नसतं म्हणून भोक पडतं. याला मी ‘सूत पुढे’ लिहीन. आता टाका वाढला, तो कुठेतरी कमी करायला हवा. त्यासाठी दोन टाके एकत्र सुलट विणायचे. याला ‘२ चा १’. जितकी भोकं तितके ‘२ चा १’, म्हणजे ओळीच्या शेवटी टाके होते तेवढेच. जाळीचे सरळ पट्टीचे बहुतेक नमुने उघडून बघा, कितीही नाजूक असोत, टाके वाढले तितके कमी केलेले असतात.

आधी छोटा तुकडा विणून बघा. २२ टाके घाला, दोन ओळी सुलट. मग ३ सुलट, (सूत पुढे, २ चा १) असं शेवटचे ३ राहीपर्यंत, आणि ३ सुलट. परतीच्या ओळीत ३ सुलट, १६ उलट, ३ सुलट. पुन्हा २२ आले की गणित समजलं म्हणायचं. हा तुकडा उसवू नका, पुढे धुऊन बघायला लागेल.

आता स्कार्फ. ४२ टाके घाला, पण सैल. हात घट्ट असेल तर एक नंबर जाड सुईवर घाला आणि मग नेहमीच्या सुईवर विणा. चार ओळी सगळ्या सुलट. मग चार ओळींचा नमुना :

ओळ १ (सुलट बाजू) : सगळे सुलट.
ओळ २ : ३ सुलट, ३६ उलट, ३ सुलट.
ओळ ३ : ३ सुलट, मग [२ चा १ तीन वेळा, (सूत पुढे, १ सुलट) सहा वेळा, २ चा १ तीन वेळा] हे दोनदा, शेवटी ३ सुलट.
ओळ ४ : सगळे सुलट. बाजू उलटी असली तरी सुलटच. त्यानेच आडवी रेघ उठते.

कंसातला एक भाग १८ टाक्यांचा. बघा, सुरुवातीला सहाचे तीन झाले, मधले सहा बारा झाले, शेवटचे सहा पुन्हा तीन. तीन, बारा, तीन : अठरा. चार ओळींत अवधान लागतं ते एकाच ओळीला, म्हणून सुरुवातीला मी हाच नमुना सुचवते. आणि ओळी सरळ न जाता लाटेसारख्या वर-खाली होतात, त्यामुळे थोडी मेहनत करून दिसायला भरपूर होतं.

रुंदी साधारण वीतभर येते. तोंडही झाकायचं असेल तर आणखी एक भाग वाढवा, ६० टाके. लांबी १६० सेंटीमीटरच्या आसपास झाली की चार ओळी सुलट विणून टाके सैल बंद करायचे.

विचारा काय विचारायचं ते.

---

पेठेतली

ताई, खूप छान समजावलंय. वाखुसा (वाचनखूण साठवली). एकच शंका. ओळ ३ मध्ये खुणेची रिंग कुठे घालायची? मागे एका शालीचा प्रयत्न केला तेव्हा रिंगा एका टाक्याने इकडे तिकडे सरकायच्या आणि मग सगळं मोजत बसावं लागायचं.

---

सुलट_उलट

रिंग सरकते ती तिच्या शेजारी ‘सूत पुढे’ असलं की. पुढे घेतलेलं सूत रिंगेखालून पलीकडे निसटतं. या नमुन्यात तो त्रास नाही, कारण प्रत्येक भाग ‘२ चा १’ ने सुरू होतो आणि ‘२ चा १’ नेच संपतो. एक रिंग पहिल्या ३ टाक्यांनंतर, एक बरोबर मधे १८ वर, एक शेवटच्या ३ च्या आधी. ओळ ४ विणताना दर रिंगेला १८ मोजा. चुकलं असेल तर कुठल्या भागात ते लगेच कळतं, पूर्ण ओळ मोजायला नको.

---

माग_आणि_मी

अक्का, नमस्कार. मी पूर्व भागातला. घरात माग आहेत, टॉवेलचं काम चालतं. विणकाम म्हटलं की आम्ही माग समजतो, पण आमच्या वहिनी सुयांवरही विणतात, त्यांच्यासाठी हा धागा वाचत होतो.

तुम्ही चार प्लाय सुती सूत म्हणताय ते लहान गुंड्यांमध्ये महाग पडतं. सोलापुरात बसून ते विकत घ्यायचं म्हणजे जिवावर येतं. टॉवेलला वापरतात ते २/२० काउंटचं सूत बघा. काउंट म्हणजे एका पौंडात ८४० यार्डांच्या किती लडी बसतात तो आकडा. आकडा मोठा तितकं सूत बारीक, तुमच्या सुयांसारखंच. २/२० म्हणजे वीस नंबरचे दोन पदर पिळलेले, म्हणजे जाडीला दहा नंबर. दहा नंबरचं सूत १०० ग्रॅमला साधारण १६९० मीटर भरतं. त्याचे चार पदर एकत्र धरले की १०० ग्रॅमला ४२० मीटरच्या आसपास. वहिनींच्या लोकरीच्या गुंडीवर चार प्लायला ४०० मीटर लिहिलंय. म्हणजे जाडी जवळपास तीच आली.

चार कोन (सूत गुंडाळलेले शंकू) खाली जमिनीवर ठेवायचे, चारही टोकं एका कड्यातून वर घ्यायची आणि एकत्र गुंडाळायचं. कोन एकाच लॉटचे घ्या, नाहीतर पांढऱ्यातही दोन छटा येतात. रंगीत घ्यायचं तर दुकानदाराला पक्का रंग विचारून घ्या आणि आधी वीतभर तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा.

---

सुलट_उलट

अण्णा, हे लाखमोलाचं सांगितलंत! ज्या गावाच्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे तिथल्या बायकांनी स्कार्फपुरतं सूत बाहेरून मागवायचं, हे मला फार दिवस खटकत होतं. पदरांचा हिशेब असा मांडून कुणी दिला नव्हता.

एक विचारते. चार पदर नुसते एकत्र धरले तर सुईचं टोक मधेच घुसून एखादा पदर मागे राहतो. ‘२ चा १’ करताना तर जास्तच. त्यावर काय करता?

---

माग_आणि_मी

वहिनी म्हणतात, गुंडी करतानाच हलका पीळ द्या. त्या टकळीवर देतात. पीळ फार झाला तर कापड तिरकं ओढतं, तेव्हा पदर एकत्र राहतील एवढाच. सुई फार टोकदार नको. आणि बांबूची बरी, सूत घसरत नाही.

अजून एक सांगतो. तुमचा नमुना चौकटीच्या कागदावर काढता येईल का? चादरीचं डिझाईन आमच्याकडे आधी ग्राफवर उतरवतात, एक चौकट म्हणजे एक धागा, मग त्यावरून जॅकार्डचे पत्ते (मागाला नक्षी सांगणारे भोकांचे पुठ्ठे) मारतात. मला शब्दांत वाचून डोळ्यापुढे येत नाही, चौकटीत लगेच येईल.

---

सुलट_उलट

येतो की. जाळीचे नमुने बरेचदा चौकटीतच छापतात. एक चौकट एक टाका. रिकामी चौकट सुलट, गोल म्हणजे सूत पुढे, तिरकी रेघ म्हणजे २ चा १. वाचायचं खालून वर, कारण वीणही तशीच वाढते. सुलट बाजूची ओळ उजवीकडून डावीकडे आणि परतीची डावीकडून उजवीकडे. चौकट कायम सुलट बाजूने काय दिसतं ते दाखवते, म्हणून परतीच्या ओळीत रिकामी चौकट उलट विणायची. आपली ओळ ४ परतीची असून सुलट विणतो, तिथे टिंब असेल.

ज्यांच्या घरात ग्राफ वाचणारे आहेत त्यांनी खरंच चौकटीवरूनच शिकावं. शब्दांत लिहिलेल्या नमुन्यात पुढच्या ओळीचं भोक मागच्या ओळीतल्या कशावर बसतं ते दिसत नाही.

---

जुळे_सोलापूर

लेख छान आहे, पण माझं मत थोडं वेगळं. पहिल्यांदा जाळी करणाऱ्यांनी सूत घेऊ नये. लोकर ताणली जाते, टाका कमी-जास्त ओढला गेला तरी सावरून घेते. सूत अजिबात ताणत नाही, बोटं दुखतात आणि टाके लहान-मोठे झाले की उठून दिसतात. मी शिकवते तेव्हा आधी लोकरीवरच शिकवते.

---

सुलट_उलट

काकू, तुमचं म्हणणं बरोबर आहे आणि ते धाग्यात यायलाच हवं होतं. सुताला लवचिकपणा नाही. लोकर जाळी धरून ठेवते तशी सूत धरत नाही, दर धुण्याला पुन्हा ताणून वाळवावं लागतं. तरीही मी नवशिक्यांना सूतच सांगेन, आणि त्याचं कारण विणकामाबाहेरचं आहे. शिकताना केलेली पहिली वस्तू वापरात आली तर माणूस दुसरी करतो. लोकरीचा स्कार्फ इथे किती दिवस वापरणार? छोटा तुकडा मात्र घरात असेल त्या लोकरीवर करा, हात त्यात बसू द्या आणि मग सुताकडे या. आणि बोटं दुखतात ती सूत करकचून आवळून धरल्यामुळे. करंगळीला एक वेढा देऊन सोडून द्या, पुरतं.

---

जुळे_सोलापूर

तुकडा लोकरीवर आणि स्कार्फ सुताचा, हे पटलं. करंगळीच्या वेढ्याला माझंही अनुमोदन. आणखी एक, उन्हाळ्यात हाताला घाम आला की अ‍ॅल्युमिनियमच्या सुईवर सूत अडकतं. हात कोरडे करून बसा, किंवा सकाळी लवकर विणा.

---

होटगीरोड

सगळं करून बघतेय. तुकडा विणला, पण (सूत पुढे, २ चा १) हेच बरंच लांब विणत गेले तर तो सरळ राहत नाही, एका बाजूला कलतोय. टाके मात्र २२ च आहेत. हे का?

---

सुलट_उलट

चांगलं लक्षात आलं तुमच्या. दोन टाके एकत्र सुलट विणले की वरचा टाका उजवीकडे झुकतो. सगळ्या ओळींत तेच आणि भोकही त्याच बाजूला, म्हणून अख्खी वीण कलते. उपाय असा : जाळीच्या एका ओळीत (सूत पुढे, २ चा १), आणि जाळीच्या पुढच्या ओळीत आधी डावीकडे झुकणारा जोड आणि मग सूत पुढे. डावीकडचा जोड म्हणजे एक टाका न विणता उजव्या सुईवर घ्या, पुढचा सुलट विणा, आणि तो न विणलेला टाका विणलेल्यावरून ओढून टाका. असं आलटून पालटून केलं की एकीचा कल दुसरी काढते.

स्कार्फच्या नमुन्यात ही भानगड येत नाही. तिथे जोड दोन्ही बाजूंना आणि भोकं मधे असा पसारा आहे, त्यामुळे कड सरळ राहते आणि आत लाटा उठतात.

---

थंडीतली_सोलापूरकर

सोलापूर सोडून बरीच वर्षं झाली, आता स्कॉटलंडमध्ये असते. हा नमुना बघून फार आनंद झाला. हा इथलाच. उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, तिथला जुना नमुना. तिथल्या मेंढ्यांची लोकर मऊ आणि बारीक, आणि उन्स्ट नावाच्या बेटावरच्या बायका त्यातून इतक्या तलम शाली विणायच्या की अख्खी शाल अंगठीतून आरपार जायची. तिकडे रशियात ओरेनबुर्गला बकरीच्या मऊ केसांच्या तशाच शाली होतात, आणि एस्टोनियात हापसालू गावच्या शाली. सगळीकडे थंडी कडाक्याची. ऊब हवी पण वजन नको, म्हणून जाळी. आपण तीच जाळी उन्हासाठी वापरतोय, हे आईला फोनवर सांगितलं. तिनं लगेच सुया काढल्या!

इथे हे विणणाऱ्या बायका नमुना वाचत नाहीत. चार ओळी हातात बसलेल्या असतात, गप्पा मारत विणतात. हाताला एकदा लय सापडली की खरंच तसं होतं. नव्या मंडळींनी धीर सोडू नये.

---

पेठेतली

किती सुंदर माहिती! ताई, मी सुरू केलंय. पण ओळ ४ ला एका भागात १७ च टाके येताहेत. पूर्ण ओळ उसवू का?

---

सुलट_उलट

अजिबात उसवू नका, आधी बघा. १७ म्हणजे नव्वद टक्के वेळा एक ‘सूत पुढे’ राहिलं. ओळ ३ मधली मधली सहा भोकं मोजा. जिथे दोन टाके शेजारी चिकटून आहेत आणि मधे भोक नाही, तिथे त्या दोन टाक्यांना जोडणारा आडवा धागा दिसेल. तो डाव्या सुईने समोरून मागे असा उचला, टाका म्हणून सुईवर ठेवा आणि विणून टाका. जरासं लहान भोक पडेल, धुतल्यावर कळतही नाही.

१९ आले तर एक सूत जास्त पुढे गेलंय, किंवा एक ‘२ चा १’ राहिलाय. सूत जास्त असेल तर तो वेढा सुईवरून सोडून द्या, सैलपणा शेजारच्या टाक्यांत मुरतो. जोड राहिला असेल तर त्या जागेपर्यंत एकेक टाका मागे विणत जा. डावी सुई खालच्या ओळीतल्या टाक्यात घालायची आणि वरचा टाका अलगद सुटू द्यायचा. वेळ लागतो, पण सुया काढून ओढण्यापेक्षा शंभर पटीने बरं. जाळीत सुई काढून धागा ओढला की भोकं आणि टाके एकमेकांत मिसळतात. मग कुठला टाका कुणाचा ते सापडत नाही.

त्यासाठीच साहित्यात वेगळ्या रंगाचा दोरा लिहिला होता. दर दोन-तीन नमुन्यांनंतर, ओळ २ संपली की तो दोरा मोठ्या सुईत ओवा आणि विणायच्या सुईवरचे सगळे ४२ टाके त्यावर घ्या. विणायची सुई तशीच राहू द्या, दोरा तिच्या शेजारून जाईल. रिंगांमधून मात्र ओवू नका, रिंगा अडकून बसतात. पुढे काही बिघडलं तर बिनधास्त उसवा, दोऱ्यापाशी येऊन थांबेल. तिथले टाके परत सुईवर घ्या आणि ओळ ३ पासून सुरू करा. हा दोरा गुळगुळीत आणि पक्क्या रंगाचा हवा. लाल कच्चा दोरा पांढऱ्या सुतावर डाग सोडतो.

---

पेठेतली

सापडलं! पाचवं भोक राहिलं होतं. उचलून विणलं, १८ झाले. दोरा आता घालून ठेवते.

---

अक्कलकोटरोड

माझ्याकडे अ‍ॅक्रिलिक भरपूर शिल्लक आहे, तेच वापरलं तर? आणि क्रोशावर हाच नमुना करता येईल का?

---

सुलट_उलट

अ‍ॅक्रिलिक सरावाला ठीक, उन्हाळ्यात गळ्याशी नको, घाम शोषत नाही. शिवाय ओलं करून ताणलं तरी सुकल्यावर परत आकसतं. त्याला वाफच लागते. इस्त्री दोन-तीन बोटं वर धरून नुसती वाफ द्या, टेकवू नका. टेकली तर धागा कायमचा लोळागोळा होतो.

क्रोशात लाटांचे नमुने आहेत, पण ते खांब आणि साखळीचे. त्याचं गणित वेगळं आणि सूतही जास्त लागतं. कुणीतरी स्वतंत्र धागा काढा, मी वाचायला येईन.

---

होटगीरोड

माझा अर्धा झाला. पण ताई, खरं सांगू का, जाळीच्या फोटोंत दिसतं तसं काहीच दिसत नाहीये. चुरगळलेलं, आखडलेलं. भोकं बंदच आहेत जवळजवळ. पुढे विणू की नको?

---

सुलट_उलट

विणा, विणा! सुईवर असताना जाळी अशीच दिसते. तिचं रूप खुलतं ते धुऊन ताणल्यावर. शंका असेल तर सुरुवातीचा २२ टाक्यांचा तुकडा घ्या आणि आजच करून बघा.

कोमट पाण्यात थोडा सौम्य साबण, अर्धा तास भिजवा. पिळू नका. पाण्यातून काढताना दोन्ही हातांवर झेलून काढा, ओलं सूत स्वतःच्या वजनाने लांबतं. मग टॉवेलवर पसरा, टॉवेलसकट गुंडाळी करा आणि दाबा. यासाठी आपल्या सोलापुरी टॉवेलहून चांगलं काही नाही, एका दाबात पाणी पितो. नंतर गादीवर जुनी चादर अंथरा. चादर चौकड्यांची असेल तर उत्तम, कड सरळ लावायला रेघा आयत्या मिळतात. स्कार्फ त्यावर ठेवून आधी लांबीला ताणा, मग रुंदीला. लाटेचं प्रत्येक टोक ओढून टाचणी लावा, दोन लाटांमधली खोलगट जागाही थोडी आत ओढून टाचा. टाचण्या न गंजणाऱ्या हव्यात, गंजाचा डाग सुतातून निघत नाही. पंखा लावून सावलीत पूर्ण वाळू द्या, मगच टाचण्या काढा. आपल्या हवेत उन्हाळ्यात रात्रीतून वाळतो.

---

माग_आणि_मी

अक्का, वहिनींचा झाला विणून. चार पदरी, फिका पिवळा. सोळा-सतरा ग्रॅम सूत उरलं १०० तलं. टाचण्या लावताना माझे बाबाही येऊन बसले होते, चाळीस वर्षं चादरी विणलेला माणूस. ते म्हणाले, आमच्या मागावर धागे एकमेकांना काटकोनात, इथे एकच धागा स्वतःतच अडकत चाललाय, आणि तरी कापड होतं. बराच वेळ उलटसुलट करून बघत होते.

वहिनी विचारतात, दोन टोकं हुबेहूब सारखी का येत नाहीत? सुरुवातीची लाट मोठी, शेवटची वेगळी वाटते. आणि बंद केलेली कड जरा आवळतेय.

---

सुलट_उलट

वहिनींचं आणि बाबांचंही मनापासून कौतुक! फोटो टाका जमलं तर.

टोकांचं असं की वीण एकाच दिशेने वाढते. सुरुवातीच्या कडेला लाट खालून ओढली जाते, शेवटी तिचा उलटा भाग येतो. दोन्ही टोकं सारखीच हवी असतील तर दोन अर्धे तुकडे विणायचे, दोन्ही टोकाकडून मधे, आणि मधे सुईने टाक्याला टाका शिवायचा. पहिल्या स्कार्फला त्याची गरज नाही, बांधल्यावर कुणाला दिसत नाही.

कड आवळतेय ती उसवून पुन्हा बंद करा, तेवढी शेवटची ओळच उसवायची आहे. एक नंबर जाड सुई घ्या. दोन टाके सुलट विणा. ते दोन्ही परत डाव्या सुईवर घ्या आणि मागच्या बाजूने एकत्र सुलट विणा. उजव्या सुईवर एक राहिला. पुढचा एक सुलट विणा, पुन्हा दोन झाले, पुन्हा डावीकडे, पुन्हा मागून एकत्र. असं शेवटपर्यंत. ही कड भरपूर ताणते, टाचताना तुटल्यासारखी होत नाही. सूत स्कार्फच्या रुंदीच्या चौपट तरी उरलेलं असू द्या, उरलेल्या सोळा-सतरा ग्रॅममध्ये निवांत होईल.

---

पेठेतली

माझा अजून अर्धाच आहे, म्हणून आधीच विचारते : मधे सूत संपलं तर गाठ मारायची का?

---

सुलट_उलट

गाठ नको, जाळीत ती लपत नाही. नवीन सूत ओळीच्या सुरुवातीलाच जोडा, जुन्याचं आणि नव्याचं टोक वीतभर सोडून. शेवटी दोन्ही टोकं बोथट सुईने कडेच्या ३ सुलट टाक्यांमध्ये ओवायची, एकदा वर आणि पुन्हा खाली. सुती टोक गुळगुळीत असतं, नुसतं एकदा ओवलं तर निसटतं. आणि ती टोकं धुऊन ताणून वाळल्यानंतरच कापा, आधी कापली तर ताणताना आत ओढली जातात.